घालणारा एक, काढणारा दुसरा

इचलकरंजीचा इतिहास सांगायला बसलेला माणूस 1904 पासून सुरुवात करतो. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांचं प्रोत्साहन, विठ्ठलराव दातारांनी त्या साली बसवलेला पहिला यंत्रमाग, मग वाढत गेलेली मागांची खडखड. सगळं खरं आहे. पण या इतिहासात खळ कुठंच येत नाही. मागवाला येतो, जॉबर येतो, सूतव्यापारी तर हमखास येतो. ज्या पांढऱ्या रबरबीत पेजेशिवाय एक तागा मागावरून खाली उतरला नसता, तिचं नाव कुणी काढत नाही. आणि ती खळ नंतर कापडातून काढून टाकण्यासाठी जगानं दीडशे वर्षं काय काय उपद्व्याप केले, ते तर आमच्या गावात दहा माणसांनाही ठाऊक नसेल.

माझे वडील, आण्णा, सायझिंगमध्ये होते. ताण्याचं सूत मागावर चढण्याआधी खळीच्या टाकीतून काढायचं, गरम सिलिंडरवर वाळवायचं आणि बीमवर गुंडाळायचं, हे सायझिंगचं काम. हातमागाच्या काळात यालाच पांजणी म्हणायचे आणि ती गल्लीत, उघड्यावर, ताणा लांबच्या लांब पसरून कुंच्यानं करायचे. ही उठाठेव कशासाठी? मागावर ताण्याचा धागा मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा वर-खाली होतो, मागाच्या वहीतून, म्हणजे धागे उचलणाऱ्या चौकटीतून, आणि फणीतून घासत पुढं सरकतो. नुसतं सूत ठेवलं तर त्याला लव सुटते, तंतू पिंजारतात आणि धागा तटातट तुटतो. खळीचं आवरण असलं की तो टिकतो.

आण्णांच्या टाकीत मक्याचा स्टार्च असायचा, कधी मैदा, कधी चिंचोक्याची पावडर. मऊपणासाठी चरबी. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. प्रमाण किती, ते त्यांच्या खिशातल्या वहीत. ती वही ते घरातही उघडी ठेवत नसत. प्रत्येक सायझिंग मास्तरचं हेच. शेजारच्या कारखान्यातल्या मास्तरनं आज टाकीत काय घातलं, हे वासावरून ओळखायचं, विचारायचं नाही.

मी टेक्स्टाइल केमिस्ट्रीचा डिप्लोमा केला आणि प्रोसेस हाउसमध्ये लागलो. कोरं कापड आलं की पहिलं काम डिसायझिंग, म्हणजे खळ काढणं. ती नीट निघाली नाही तर पुढं ब्लीच चढत नाही, रंग चट्ट्याचट्ट्यानं बसतो. बापानं घालायची आणि पोरानं काढायची, असा आमच्या घरचा धंदा. आण्णा म्हणायचे, “आम्ही घातली नसती तर तुला नोकरी कुणी दिली असती?”

थंड पाण्यानं खळ जात नाही. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबच लांब साखळी. शिजवून सुतावर वाळवली की ती धाग्याला घट्ट धरून बसते. साखळी तोडली, तुकडे लहान झाले, तरच ते पाण्याबरोबर वाहून जातात. आता हे तोडायचं कसं? जुन्या युरोपातल्या ब्लीचवाल्यांकडे एकच उत्तर होतं: कापड कोमट पाण्यात भिजवून ढीग घालायचा आणि कुजू द्यायचं. रात्रभरात आंबूस वास यायला लागला की समजायचं, काम झालं. हवेतले, पाण्यातले जिवाणू त्या खळीवर वाढत आणि तिच्यावर जगण्यासाठी साखळी तोडणारा आपला एन्झाइम बाहेर सोडत. म्हणजे कारखान्यात बॅक्टेरियाचा एन्झाइम वापरायची पद्धत बॅक्टेरिया हा शब्द रूढ होण्याआधीपासूनची आहे. फक्त बॅक्टेरिया कुठला आणि तो कधी थांबेल, यावर कुणाचा ताबा नव्हता. ढीग जरा जास्त वेळ राहिला की स्टार्चबरोबर कापूसही खाल्ला जाई, बुरशीचे डाग पडत आणि तागा हातात फाटे.

दुसरा उपाय आम्लाचा. लिननच्या ब्लीचिंगमध्ये आधी आंबट ताक वापरत. 1756 मध्ये एडिंबराच्या फ्रान्सिस होम या डॉक्टरनं ताकाऐवजी पातळ गंधकाम्ल वापरता येतं हे दाखवलं आणि कित्येक आठवड्यांचं काम तासांवर आणलं. पातळ आम्ल पुढं खळ काढायलाही आलं. पण आम्लाला स्टार्च आणि कापूस यांतला फरक कळत नाही. दोन्ही साखळ्या ग्लुकोजच्याच, फक्त सांधे वेगळे. आम्ल थोडं जास्त झालं किंवा कापडाची एखादी कड वाळली, की तिथला धागा जळाल्यासारखा ठिसूळ होतो. प्रोसेस हाउसमध्ये हे पाहिलेल्या माणसाला आम्लाबद्दल प्रेम राहत नाही.

आणि त्या काळात खळ होती तरी किती! 1860 च्या दशकात अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडातल्या लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसावर भागवावं लागलं. हा कापूस खानदेश-वऱ्हाडचा असो की गुजरातचा, तिकडे त्याला सरसकट ‘सुरत’ म्हणत. आखूड धाग्याचा, तुटका. मग सूत टिकवायला खळ वाढली, त्यात चिनी माती आली आणि हळूहळू मातीचंच वजन कापडाच्या भावानं विकता येतं हे गिरणीवाल्यांच्या लक्षात आलं. सुताच्या वजनाइतकी खळ असलेलं कापडही बाजारात होतं. खळ कोरडी पडू नये म्हणून विणकामाच्या शेडमध्ये वाफ सोडत. टॉडमॉर्डनच्या विणकरांनी त्या वाफेविरुद्ध आणि मातीच्या धुळीविरुद्ध तक्रार केली आणि 1872 मध्ये डॉ. ब्यूकॅनन यांनी सरकारला त्याचा अहवाल दिला. हेच कापड जहाजातून परत आपल्याकडे येई. इथल्या दमट हवेत गठ्ठा उघडला की बुरशीचे ठिपके. मग बुरशी मारायला झिंक क्लोराइड. एकानं एक घातलं की त्यावर दुसऱ्यानं दुसरं घालायचं, ही रीत तिथून चालत आली आहे.

खळ तोडणाऱ्या पदार्थाचा शोध मात्र कापडवाल्यांनी लावला नाही. 1833 मध्ये पॅरिसमध्ये आन्सेल्म पायेन आणि जाँ-फ्रान्स्वा पेर्सो यांनी मोड आलेल्या बार्लीच्या अर्कात अल्कोहोल ओतलं आणि खाली बसलेल्या साक्यात स्टार्च पातळ करणारा गुण असल्याचं दाखवलं. त्याला त्यांनी डायस्टेज नाव दिलं. आपल्या लाळेतही तसलाच एन्झाइम असतो; साबुदाण्याच्या खिरीत उष्टा चमचा गेला की थोड्या वेळानं ती पाणचट होते, ते त्यामुळंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा माल्टचा अर्क जर्मनीत ‘डायस्टाफोर’ या नावानं कापड गिरण्यांना मिळायला लागला. कापड सुरक्षित, काम स्वच्छ. पण माल्ट महाग आणि पाणी साठ अंशांच्या वर गेलं की त्याचा जोर ओसरतो.

इथं तकामिनेंचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण लेखांमधून त्यांना उगाच या गोष्टीचा जनक केलं जातं. जोकिची तकामिने हे जपानी रसायनतज्ज्ञ अमेरिकेत राहत. त्यांनी 1894 मध्ये पेटंट घेतलं आणि ‘टाका-डायस्टेज’ पाचक औषध म्हणून पार्क-डेव्हिस कंपनीनं विकलं. माणूस मोठा, प्रश्नच नाही. पण त्यांचा एन्झाइम कोजी बुरशीचा होता, बॅक्टेरियाचा नव्हे. जेवणानंतर घ्यायच्या पाचक सिरपच्या बाटलीवर आजही ‘फंगल डायस्टेज’ लिहिलेलं दिसेल, ते त्या घराण्यातलं. बुरशीचा एन्झाइम पोटात चालतो. वाफाळत्या टाकीत तो टिकत नाही.

बॅक्टेरियाला कारखान्यात रीतसर नोकरीला ठेवलं ते ओग्युस्त ब्वादँ आणि जाँ एफ्राँ या दोघांनी. ब्वादँ उत्तर फ्रान्समधल्या सेक्लँचा. त्या गावी त्यानं आधी बुरशीच्या मदतीनं धान्यापासून मद्यार्क काढण्याच्या पद्धतीवर काम केलं होतं. एफ्राँ ब्रसेल्सचा प्राध्यापक, किण्वनातला जाणकार. सेक्लँ म्हणजे लीलपासून हाकेच्या अंतरावर आणि लील म्हणजे सूत आणि कापड. खळ काढायची गरज दारातच होती. दोघांनी मातीत, गवतात सर्रास सापडणारा बॅसिलस सब्टिलिस घेतला आणि पेंडीतली प्रथिनं विरघळवून केलेल्या रश्शावर तो वाढवला. याला हवा भरपूर लागते. म्हणून रस्सा उथळ थरात ठेवायचा आणि वर सायीसारखा पापुद्रा धरू द्यायचा. एन्झाइम खालच्या पाण्यात उतरतो. पापुद्रा टाकून द्यायचा, पाणी विकायचं. त्यांची अमेरिकी पेटंटं 1917 ची. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि सेक्लँ जर्मनांच्या ताब्यात होतं. 1922 मध्ये तिथं ‘रॅपिडेज’ नावाची कंपनी उभी राहिली. तिचं पहिलं मोठं गिऱ्हाईक कापड गिरण्या.

याचं महत्त्व मला पुस्तकात कळलं नाही; जिगरवर, म्हणजे कापड रुळांवरून पुढं-मागं फिरवत द्रावणातून काढणाऱ्या यंत्रावर, कळलं. माल्टमधल्या एन्झाइमांपैकी एका जातीचा साखळीच्या टोकाकडून दोन-दोन कण तोडत येतो. बॅक्टेरियाचा अल्फा-अमायलेज मधूनच, मिळेल तिथं घाव घालतो. साखर फार तयार होत नाही, पण चिकटपणा पाहता पाहता उतरतो. खळ काढणाऱ्याला साखर नकोच असते, त्याला फक्त पकड सुटायला हवी असते. शिवाय हा साठ-सत्तर अंशांवर खुशाल काम करतो आणि पाणी आम्लही नको, अल्कलीही नको, साधं हवं. कॅल्शियम असलं की आणखी टिकतो. त्यामुळं आमच्या बोअरचं जड पाणी, ज्याला डाइंग मास्तर शिव्या घालतो, ते याला मानवतं. गंमत अशी की पाणी जड आहे म्हणून सवयीनं कुणी त्यात कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन टाकलं, की एन्झाइम लुळा पडतो. मग म्हणायचं, माल खराब आला.

कापडातली खळ गेली की नाही हे कसं कळतं, ते सांगतो. डिसायझिंग झालेल्या ताग्याची पट्टी कापायची, गरम पाण्यात खळबळून वाळवायची. त्यावर आयोडीनच्या द्रावणाचा एक थेंब. थेंब पडतो तेव्हा तपकिरी-पिवळा असतो. तो तसाच राहिला तर कापड स्वच्छ. कडेकडेनं जांभळट झाला तर साखळ्या तुटल्यात, पण तुकडे अजून आत आहेत. म्हणजे धुणं कमी पडलं. गर्द निळा झाला तर ताग्यावर एन्झाइमनं काही केलेलंच नाही. रंग ताडून पाहायला टेगेवाचा तक्ता असतो, एक ते नऊ. नऊ म्हणजे निर्मळ. मी पट्टी नेहमी ताग्याच्या दोन्ही कडा आणि मधला भाग, अशा तीन जागची घ्यायला लावायचो. मधला भाग स्वच्छ आणि कडा निळ्या असं हटकून निघतं, कारण जिगरवर कडा आधी गार होतात.

एकदा पावसाळ्यात कापडाचा एक लॉट काही केल्या निळाच निघे. एन्झाइम बदलला, वेळ वाढवला, पाणी तपासलं. शेवटी आण्णांना विचारलं. ते म्हणाले, “बुरशीच्या भीतीनं कुणीतरी मोरचूद सढळ हातानं घातलाय बघ.” तसंच निघालं. तांबं या एन्झाइमचं वैरी आहे. कापड आधी गरम पाण्यातून काढून मोरचूद धुतला, मग एन्झाइम दिला आणि थेंब पिवळा आला. ज्या सायझिंगमध्ये ते बीम भरले होते, ते प्रोसेसपासून सायकलवर दहा मिनिटांच्या अंतरावर. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं.

चिंचोक्याची गोष्ट तर याहून बोलकी. आपल्याकडे घोंगडी विणणारे सणगर-धनगर चिंचोके शिजवून त्याची खळ घोंगडीला देत आलेत; तिनं येणारा कडकपणा ज्यानं नवी घोंगडी पांघरली त्याला ठाऊक आहे. गिरण्यांना हे माहीत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात धान्याच्या स्टार्चची टंचाई झाली, तेव्हा 1942 मध्ये टी. पी. घोष आणि एस. कृष्णा या शास्त्रज्ञांनी चिंचोक्याच्या गरात निम्म्याच्या आसपास जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ असल्याचं जाहीर केलं आणि चिंचोक्याची पावडर सुती आणि तागाच्या गिरण्यांत शिरली. स्वस्त आणि भरपूर. पण हा पदार्थ स्टार्च नव्हेच. त्याचं नाव झायलोग्लुकॅन. त्याच्या कण्याचे सांधे कापसाच्या सांध्यांच्या जातीचे. अल्फा-अमायलेज त्याला हातही लावत नाही. आण्णांच्या टाकीत मक्याच्या जोडीला चिंचोका किती, हे मला माहीत असलं तर मी त्याप्रमाणे उपाय करणार. ते त्यांच्या वहीत, आणि वही खिशात! पुढं पॉलिएस्टर आलं, त्याच्या खळीत पीव्हीए आलं, अ‍ॅक्रिलिक आलं. त्यांनाही अमायलेज ओळखत नाही. तरी ‘एन्झाइम वाढव’ हे फर्मान सुटतंच.

फ्रान्समधल्या त्या उथळ परातींचं पुढं काय झालं? पेनिसिलिनसाठी खोल टाक्यांत हवा घुसळून जंतू वाढवायचं तंत्र युद्धकाळात बसलं आणि एन्झाइमवाल्यांनी ते उचललं. ओसाकात फुकुमोतो यांनी 1943 मध्ये स्टार्च झपाट्यानं पातळ करणारा बॅसिलस वेगळा काढून त्याला अमायलोलिक्विफेशियन्स नाव दिलं. तरी कित्येक वर्षं लोक त्याला सब्टिलिसच म्हणत राहिले. स्वतंत्र जात म्हणून त्याला मान्यता मिळाली 1987 मध्ये. डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीनं 1973 मध्ये बॅसिलस लायकेनिफॉर्मिसचा ‘टर्मामिल’ आणला. हा 105 अंशांवर, दाबाखालच्या उकळत्या लगद्यात काम करतो. इथून या एन्झाइमनं कापडाचं घर सोडलं म्हणायला हरकत नाही. मक्यापासून ग्लुकोज करायला आधी आम्ल लागायचं, ते मागं पडलं. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचासारख्या गावी मक्याचा स्टार्च निघतो. तसल्या स्टार्चचं लिक्विड ग्लुकोज करायचं तर पहिला घाव अल्फा-अमायलेजचा. तेच ग्लुकोज पुढं गोळ्यांत, बिस्किटांत, औषधांत जातं. ज्वारी-मक्यापासून मद्यार्क काढायलाही सुरुवात या एन्झाइमपासूनच. 2007 मध्ये राज्य सरकारनं धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना प्रोत्साहन देणारं धोरण आणलं, त्यावरून केवढा गदारोळ झाला! त्या वादात बॅसिलसचं नाव कुणी घेतलं नाही आणि ते योग्यच होतं. भाकरीची ज्वारी भट्टीत घालायचा निर्णय त्याचा नव्हता. धुण्याच्या पावडरीत, पावात वगैरेही हा एन्झाइम आहे. पावडरीचं पाणी अल्कलीचं असल्यामुळं तिथं अल्कलीत टिकणारा वाण लागतो. लोणारच्या खाऱ्या सरोवरातून आपल्या संशोधकांनी असे जिवाणू काढले आहेत. त्यांतला एखादा बाजारापर्यंत जावा, ही इच्छा.

एक गैरसमज मात्र खोडायला हवा. एन्झाइम आला म्हणजे नदी वाचली, असं विक्रेते सांगतात. आम्ल आणि जळालेलं कापड यांच्या तुलनेत तो चांगला, यात वाद नाही. पण कापडातून निघालेली खळ जाते कुठं? तुकडे होऊन सांडपाण्यात. त्या तुकड्यांवर नदीतले जिवाणू तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. सुती कापडाच्या प्रोसेसिंगमधून पाण्यावर जेवढा असा भार पडतो, त्यातला सुमारे निम्मा एकट्या डिसायझिंगचा असतो. आमच्या पंचगंगा नदीबद्दल बोलताना सगळे रंगाकडे बोट दाखवतात, कारण रंग दिसतो. खळ दिसत नाही. हा भार कमी करायचा खरा उपाय माझ्या हद्दीत नव्हताच, तो आण्णांच्या हद्दीत होता: लागेल तेवढीच खळ घालणं आणि काय घातलं ते पुढच्याला सांगणं.

म्हणून शेवटी एक विनंती. आमच्या गावातले जुने सायझिंग मास्तर आता थकले आहेत. कित्येकांच्या घरात त्यांच्या वह्या असतील: कुठल्या नंबरच्या सुताला किती स्टार्च, किती चिंचोका, पावसाळ्यात मोरचूद किती. त्यांत आता कसलं व्यापारी गुपित उरलेलं नाही. त्या वह्या रद्दीत घालू नका. आपटे वाचन मंदिरात नेऊन द्या किंवा निदान त्यांची झेरॉक्स काढून एखाद्या टेक्स्टाइल कॉलेजात द्या. आण्णांची वही मी दिली आहे.